मुळा बियाला सोडलाय

धारवाडात माणसानं काहीही सोडलं तरी फारसं कुणी विचारत नाही. बँकेतली चांगली नोकरी सोडून कुणी तंबोरा धरला तर लोक मान डोलावतात. कुणी मुंबई सोडून इथं राहायला आला तर ‘शहाणा’ म्हणतात आणि घर कुठल्या भागात घेतलं एवढंच विचारतात. सिगरेट, साखर, संसार, पीएच.डी. हे सगळं अर्ध्यावर सोडायची या गावात पूर्वापार मुभा आहे. परसातला मुळा मात्र वाफ्यात सोडायचा नाही. तो वेळेवर उपटला नाही की जाणारी-येणारी माणसं फाटकापाशी थांबतात, चष्मा वर-खाली करतात, आणि घरात कुणी आजारी आहे काय, अशी चौकशी करतात.

मुळ्याचं लोकमान्य चरित्र तसं छोटंच आहे. दसऱ्याच्या आगेमागे बी टाकायचं, तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते उगवतं, मग विरळणी करायची आणि विरळणीत निघालेला कोवळा पाला जेवणात कच्चाच खायचा. पुसा चेतकीसारखी लवकर येणारी जात असली तर 40-50 दिवसांत मुळा तयार. उपटला, किसला, दही घातलं, मिरचीची फोडणी दिली, की चरित्र समाप्त. यापुढंही मुळ्याला आयुष्य असतं, आणि आपण जे खातो ते त्याचं बालपण असतं, हे ऐकलं की चांगली शिकलेली माणसंही अविश्वासानं बघतात.

उपटला नाही तर मुळा निबर होतो. त्यानं जमिनीखाली जे साठवलेलं असतं ते आपल्या कोशिंबिरीसाठी नव्हे, पुढं फुलं-शेंगा धरायच्या खर्चासाठी असतं. वेळ आली की तो ती ठेव मोडतो. खालचा मुळा आतून भेंडासारखा पोकळ होत जातो आणि पानांच्या मधून एक दांडा उसळून वर येतो. त्याला फाटे फुटतात, फाट्यांना फाटे फुटतात. बघता बघता झाड कमरेएवढं होतं, भुसभुशीत माती मिळाली तर छातीला लागतं, आणि मग स्वतःच्याच वजनानं शेजारच्या कोथिंबिरीवर आडवं होतं. पानं खरखरीत होतात, दांड्यावर मावा चढतो. फुलं सुरेख येतात, चार पाकळ्यांची, पांढरी, त्यांत जांभळट शिरा. पण मुळ्याच्या फुलांकडं बघायची आपल्याला सवय नाही. बघणाऱ्याला दिसतो तो एक बेवारस वाफा.

पहिली थांबते ती भाजीवाली अक्का. डोक्यावरची बुट्टी न उतरवताच ती विचारते, “याक्री, मूलंगी कित्तिल्लेन्री?” म्हणजे का हो, मुळा उपटला नाहीत? मी सांगतो, “बीजक्क बिट्टेन्री.” बियाला सोडलाय. त्यावर ती फक्त “हौदेन्री?” म्हणते. ‘असं काय?’ एवढाच त्याचा अर्थ. पण हा माणूस पेन्शनीत आलाय, बियाचं पाकीट दुकानात मिळतं हे याला कुणीतरी सांगायला हवं, आणि मुळा घ्यायला आता हा आपल्याकडंच येणार, एवढं सगळं त्यात येतं. मग ती कुंपणातून वाफ्यातले मुळे मनातल्या मनात मोजते, जुडीच्या भावानं गुणते आणि हळहळत पुढं जाते.

दुसरे थांबतात ते शेजारचे सावकार. ते मूळचे हुबळीचे. अमरगोळच्या एपीएमसी यार्डात त्यांनी आयुष्यभर आडत केली आणि आता हवेसाठी म्हणून धारवाडात येऊन राहिलेत. हुबळी आणि धारवाड ही दोन गावं 1962 साली एका महापालिकेत बांधली गेली. मधलं अंतर वीस किलोमीटर आहे आणि ते अजूनही तेवढंच आहे. हुबळीला रेल्वे फलाट बांधायचा तर तो जगातला सगळ्यांत लांब, 1507 मीटरचा होतो. धारवाडात एवढं चालायचं तर वाटेत तीनदा चहा आणि एकदा कवी बेंद्रे काढावे लागतात. हुबळीचा माणूस उभ्या पिकाकडं बघतो तेव्हा त्याला गाडीत भरलेला माल दिसतो. सावकारांनी माझा वाफा एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून बघितला आणि म्हणाले, “माल गेला की हो हातचा.”

वास्तविक कंपाउंडच्या पलीकडं त्यांचाही वाफा होता. लाल सालीचे लांबडे मुळे त्यांनी मोठ्या हौसेनं लावले होते. मग मुलीकडं बेंगळुरूला गेले, तिथं नातवाचं बारसं, त्यापाठोपाठ कुणाचं तरी लग्न. परत आले तेव्हा त्यांचेही मुळे तुऱ्यावर आलेले. पण त्यांच्या वाफ्याला फुलं आली ती कामाच्या गडबडीत आली आणि माझ्या वाफ्याला आली ती आळसामुळं, असा या घटनेचा अर्थ आमच्या गल्लीत लागला.

यानंतर विद्वान येतात. माळमड्डी, सप्तापूर, साधनकेरी या भागांत निवृत्त प्राध्यापकांची घनता एवढी आहे की सकाळच्या फेरीला निघालेल्या चौघांत एक विभागप्रमुख निघतोच. इतिहासाचे सर थांबले आणि त्यांनी हिरोडोटस काढला. इजिप्तच्या मोठ्या पिरॅमिडवर मजुरांच्या मुळा-कांदा-लसणाचा खर्च कोरलेला होता आणि दुभाष्यानं तो चांदीचे 1600 टॅलंट असा वाचून दाखवला, असं हिरोडोटसनं लिहून ठेवलंय. सर म्हणाले, दुभाष्यानं थाप मारली असण्याचा संभव आहे. मग माझ्या मुळ्याकडं बघून म्हणाले, “पण तिथल्या मजुरांनी तो वेळेवर उपटून खाल्ला असणार.”

संस्कृतच्या बाईंनी चरक काढला. चरकसंहितेच्या अन्नपानविधीच्या अध्यायात कोवळा मुळा तिन्ही दोष घालवतो आणि जून मुळा तिन्ही दोष आणतो, असं स्पष्ट सांगितलंय. एकाच भाजीनं औषध आणि आजार ही दोन्ही खाती सांभाळल्याचं दुसरं उदाहरण मला तरी माहीत नाही. “तेव्हा तुमच्या वाफ्यात सध्या,” बाई बोटानं हवेत मोजत म्हणाल्या, “वात, पित्त, कफ, तिन्ही उभे आहेत.” मूर्तिशास्त्रवाल्या सरांनी माझी बाजू घ्यायचा प्रयत्न केला. गणपतीच्या काही जुन्या मूर्तींच्या हातात मूलककंद असतो, म्हणजे चक्क मुळा असतो, आणि पुष्कळ लोक त्याला मोडका दात समजून नमस्कार करतात, हे त्यांनी सांगितलं. “पण तो कोवळा असतो,” बाई म्हणाल्या, आणि तो वाद घेऊन दोघं केलगेरी तळ्याच्या दिशेनं गेले.

खरी अडचण सोडवली ती समोरच्या मावशींनी. “माघ लागला,” त्या म्हणाल्या, “आता मुळा खायचाच नसतो. उपटून करणार काय?” माघ महिन्यात मुळा वर्ज्य, असं धर्मशास्त्राच्या जुन्या पोथ्या सांगतात. हा नियम करणाऱ्याच्या परसात नक्की मुळा असणार. थंडीच्या सुरुवातीचा मुळा माघापर्यंत राहिला तर तो निबर होऊन तुऱ्यावर येतोच. म्हणजे खाण्याजोगा नसतो तेव्हाच तो खायचा नाही, असा हा नियम आहे. त्यात पाळणाऱ्याला पुण्य मिळतं आणि झाडाला फुलायला महिनाभर निवांतपणा मिळतो. माझ्या आळसाला असा पोथीचा आधार मिळाल्यावर मी फाटकापाशी ताठ उभा राहायला लागलो.

मुळा बियाला सोडणाऱ्यांच्या जाती असतात. पहिली जात विसरणाऱ्यांची. हे बाहेरगावाहून परत येतात, फुलं बघतात आणि त्या क्षणी बियाणं राखायचा निर्णय मागच्या तारखेनं घेतात. सरकारी नोकरी केलेल्यांना हे चांगलं जमतं. दुसरी जात तत्त्ववाल्यांची. देशी वाण टिकला पाहिजे यावर ते अर्धा तास बोलतात आणि तेवढ्यात त्यांच्या दोडक्याला पाणी द्यायचं राहून जातं. तिसरी जात सासूबाईंच्या आज्ञेतल्यांची. सासूबाईंनी एका मुळ्याला चिंधी बांधलेली असते, ‘हा बियाला’, आणि पुढं सासूबाई मुंबईच्या लेकाकडं राहायला गेल्या तरी चिंधीला हात लावायची घरात कुणाची छाती होत नाही.

या तिसऱ्या जातीत एक गोंधळ मात्र कायम होतो. दुधी, दोडका, भोपळा यांचं एकेकच फळ वेलावर बियाला राखायची आपल्याकडं पद्धत आहे आणि ते पुरतंही. त्याच हिशेबानं मुळाही एकच ठेवतात. तो मुळा जोरात वाढतो, भरभरून फुलतो, मधमाशा येतात, सगळं घर कौतुकानं बघतं, आणि शेवटी शेंगा धरतात त्या नावापुरत्या. कारण मुळा सगोत्र लग्न करत नाही. त्याच्या फुलात सगळी व्यवस्था असूनही स्वतःचे परागकण तो स्वतः स्वीकारत नाही. दुसऱ्या झाडाचेच लागतात. म्हणून मुळा बियाला सोडायचा तर चार-सहा तरी झाडं एकत्र सोडावी लागतात, आणि मधमाशीला मध्यस्थ मानावं लागतं. ती पत्रिका बघत नाही. तुमचा मुळा कुठल्या जातीचा, पांढरा की लाल, कुंपणाच्या अलीकडचा की पलीकडचा, याच्याशी तिला कर्तव्य नसतं.

यावर सरकारनं उपाय काढलेला आहे. प्रमाणित बियाणं तयार करायचं असेल तर मुळ्याच्या एका वाणाच्या प्लॉटपासून दुसरा वाण किमान 1000 मीटर लांब हवा. पायाभूत बियाणं असेल तर 1600 मीटर. धारवाडला 1986 पासून कृषी विज्ञान विद्यापीठ आहे, तिथल्या कृषी मेळ्यात हे सगळं कुणीही समजावून सांगतो. ऐकताना पटतंही. मग माणूस घरी येतो आणि आपल्या फाटकापासून हजार मीटरचं वर्तुळ मनात काढून बघतो. माळमड्डीत त्या वर्तुळात चार शाळा, दोन मठ, गाण्याचे क्लास, किराणा दुकानं आणि किमान वीस निवृत्त माणसांचे वाफे येतात. प्रत्येकाच्या घरी जाऊन ‘तुमचा मुळा फुलू देऊ नका, माझा वंश शुद्ध ठेवायचाय’ असं सांगावं लागेल. धारवाडात असं सांगायला गेलं तर लोक चहा देतात आणि दुसऱ्या दिवशी मुलाला फोन करतात.

आणि खरं सांगायचं तर हजार मीटरचा हा नियम धारवाडानं पूर्वी पाळला असता तर या गावात झालंच काय असतं? द. रा. बेंद्र्यांच्या घरची भाषा मराठी. 1973 साली ज्ञानपीठ मिळालं ते ‘नाकु तंति’ या कन्नड संग्रहासाठी. जी. ए. कुलकर्णी बेळगावचे, धारवाडच्या जेएसएस कॉलेजात शिकवायचे इंग्रजी आणि कथा लिहायचे मराठीत. गिरीश कार्नाडांच्या घरची कोंकणी, शिक्षण इथल्या कर्नाटक कॉलेजात आणि नाटकं कन्नडमधली. गाण्यात तर विचारायचंच नको. किराणा घराण्याचं गाव उत्तर प्रदेशातलं. तिथले अब्दुल करीम खाँ मिरजेला स्थायिक झाले, कुंदगोळचे रामभाऊ त्यांच्याकडं शिकून सवाई गंधर्व झाले आणि मराठी रंगभूमी गाजवून आले. मग हुबळीहून गंगूबाई हानगल आगगाडीनं कुंदगोळला त्यांच्याकडं शिकायला जायला लागल्या. मल्लिकार्जुन मन्सूर धारवाडजवळच्या मन्सूरचे. आधी ग्वाल्हेरची तालीम, मग मुंबईत अल्लादिया खाँसाहेबांच्या मुलांकडं जयपूरची, आणि त्याच गळ्यातून कन्नड वचनं. यातलं एकही बियाणं प्रमाणपत्राला पात्र ठरलं नसतं. तपासनीसानं पहिल्या पाहणीतच सगळा प्लॉट नापास केला असता.

अर्थात संकर केला की आपल्याला हवं तेच येतं, असंही नाही. जनुकशास्त्राच्या पुस्तकात मुळा हे ठरलेलं उदाहरण आहे: लाल आणि पांढऱ्या मुळ्याचा संकर केला की पहिली पिढी जांभळट येते, लांब आणि गोल यांचा केला की अंडाकृती. इथपर्यंत ठीक आहे, दोन्ही व्याह्यांचं समाधान होतं. पण 1920च्या दशकात रशियात कार्पेचेंको नावाच्या शास्त्रज्ञानं एकदम मुळा आणि कोबी यांचाच संबंध जुळवला. वर कोबीचा गड्डा, खाली मुळा, एका झाडात दोन भाज्या, असा तो मोह. झाड झालं, वंशही चालला, शास्त्रात त्याचं मोठं नाव झालं. फक्त पाला आला मुळ्याच्या वळणाचा आणि मुळं आली कोबीची. आई-वडिलांचे नेमके कुठले गुण मुलात उतरणार, हा प्रश्न तेव्हापासून तिथंच आहे.

पौषाच्या शेवटी-माघात शेंगा धरायला लागल्या की आमच्या गल्लीतलं वातावरण बदलतं. या शेंगा म्हणजे डिंगऱ्या. करंगळीएवढ्या, हिरव्या, टोकदार. दोन बोटांत धरून मोडली की टचकन आवाज येतो तोवर ती खायची; वाकली पण मोडली नाही तर ती बियाची. तिखटपणा मुळ्याचाच, पण चावल्यावर जरा उशिरानं येणारा. शेंग अख्खी असते तेव्हा त्यातली तिखटाची सामग्री वेगवेगळी ठेवलेली असते. दातांखाली पेशी फुटल्या की ती एकत्र येऊन झणका तयार होतो. आमच्याकडं हिंग-हळदीची फोडणी, भिजवलेली हरभऱ्याची डाळ, वरून ओलं खोबरं, अशी भाजी करतात. आमटीतही घालतात. जोंधळ्याची रोट्टी, शेंगा हिंडी म्हणजे शेंगदाण्याची चटणी, दही आणि बाजूला कच्च्या डिंगऱ्यांची मूठ, एवढं असलं की खानावळीतल्या माणसाला एण्णेगाईची, म्हणजे भरल्या वांग्याची सुद्धा घाई होत नाही. गुजरातेत याच कुळातल्या लांब शेंगा मोगरी म्हणून विकतात. जर्मनीतल्या एका मुळ्याच्या जातीचं नावच ‘म्युनिक बिअर’ आहे आणि तिच्या शेंगा बिअरबरोबर खातात. म्हणजे तिथंही कुणीतरी, कधीतरी, मुळा उपटायचा कंटाळा केला होता.

डिंगऱ्या दिसायला लागल्या की फाटकापाशी थांबणारी माणसं फाटक उघडून आत येतात. संस्कृतच्या बाईंनी सांगितलं की चरकानं दोष सांगितलेत ते जून कंदाचे, शेंगेचा विषय वेगळा. समोरच्या मावशींनी निकाल दिला की माघात मुळा चालत नाही, डिंगरी चालते. मुळा जमिनीखाली असतो, डिंगरी वर. इतिहासाचे सर काही न बोलता पिशवी घेऊन आले. भाजीवाल्या अक्कानं भाव विचारला. तिच्या बाजूनं इतक्या वर्षांतला हा पहिलाच प्रश्न, ज्याचं उत्तर तिला माहीत नव्हतं.

उरलेल्या शेंगा झाडावर वाळवायच्या. मोहरीची शेंग तडकते तशी मुळ्याची आपणहून तडकत नाही. वाळली तरी तोंड मिटून बसते, आत बी आणि भोवती पांढरा बुरा. हुबळीत रंगपंचमीचा दंगा सुरू होतो तेव्हा इकडं झाडं गवताच्या रंगाची झालेली असतात. पोपटांना हे आपल्याआधी कळतं. त्यांच्याकडून जे वाचेल ते पोत्यात भरून बडवायचं, सुपात पाखडायचं. मूठभर झाडांचं एवढं बी निघतं की गल्लीला पुरून उरतं, कारण एका ग्रॅममध्ये साधारण शंभर बिया बसतात आणि घरच्या वाफ्याला दोन-तीन चमचे पुष्कळ झाले. मग लग्नपत्रिकांची जुनी पाकिटं शोधायची, त्यांत बी भरायचं आणि दारोदार वाटायचं. मुळ्याचं बी नको म्हणायची कुणाला सोय नसते; ते चार-पाच वर्षं टिकतं, त्यामुळं ‘जुनं आहे अजून’ ही सबब चालत नाही.

सावकारांना पाकीट द्यायला कंपाउंडपाशी गेलो. त्यांनी बी तळहातावर घेतलं, बोटानं पसरलं, दोन दाणे नखानं दाबून बघितले. यार्डातली सवय.

“शुद्ध आहे काय हो?”

“शुद्ध कुठलं?” मी म्हटलं. “पलीकडं तुमचा लाल मुळा फुललेला होता. मुळा स्वतःचा पराग घेत नाही, मधमाशा दिवसभर तुमच्याकडून माझ्याकडं. यातलं निम्मं तरी तुमच्याच मुळ्याचं असणार. पुढच्या वर्षी जांभळट आला तर मला बोलायचं नाही.”

सावकार थोडा वेळ मनात काहीतरी मांडत राहिले. मग त्यांनी पाकीट खिशात घातलं आणि दुसरा हात कंपाउंडवरून पुढं केला.

“मग निम्मं बी आमचं झालं की. पोतं इकडं करा, वाटणी करू. आडत वेगळी.”